घराची पत्रिका कोणाकडून पाहावी ?

पाडव्याच्या आधल्या रविवारीं आमचा एक जुना विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन सपत्नीक आमच्या घरीं आला. डोंबिवलीच्या पूर्वेस, स्टेशनापासून रिक्षानें पंधरा मिनिटांच्या अंतरावर, त्यानें नव्या इमारतींत दोन खोल्यांचें घर ठरविलें होतें. विसाराचे दोन लाख रुपये देऊन झाले होते आणि करारनाम्यावर सही करण्यास पाडव्याचा मुहूर्त साधावयाचा होता. वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाची शिल्लक, आईच्या पाटल्या आणि वीस वर्षांच्या हप्त्यांचें कर्ज, अशा तीन खांबांवर तें घर उभें राहणार होतें. आम्हीं पेढा तोंडांत टाकला आणि सहज विचारलें, "कागद कोणी पाहिले रे ?"

"सर, सगळें झालें आहे. बिल्डरच्या वकिलांनीं टायटल क्लिअर असल्याचा दाखला दिला आहे. महारेराचा नंबर आहे. बँकेनेंही कर्ज मंजूर केलें. दलाल म्हणाला, आतां आणखी वेगळा वकील कशाला, फुकटचा खर्च !"

त्याची पत्नी इतका वेळ आमच्या घरच्यांशीं बोलत स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. ती तेथूनच म्हणाली, "सर, मीही ह्यांना दोन आठवडे हेंच विचारतें आहे. दाखला देणारे वकील बिल्डरचे, दलाल बिल्डरचा, बँकेचे वकील बँकेचे. मग ह्यांत आमचें कोण ?"

त्या मुलीच्या या प्रश्नास आमच्या विद्यार्थ्याजवळ उत्तर नव्हतें. या महिन्याचें सदर त्या प्रश्नावरच लिहीत आहों.

लग्न ठरवितांना ज्यांचा पत्रिकेवर विश्वास असतो ते ती आपल्या ज्योतिषाला दाखवितात. समोरच्या पक्षाच्या ज्योतिषानें 'छत्तीस गुण जमतात' असें लिहून धाडलें म्हणून कोणी अक्षता वाटीत सुटत नाहीं. घराच्या बाबतींत मात्र शहाणींसुरतीं माणसें नेमकें हेंच करितात. विकणाऱ्याच्याच वकिलानें लिहिलेल्या दोन पानी दाखल्यावर जन्माची कमाई ठेवतात. अशा दाखल्याला कायद्यानें जागा दिली आहे, हें खरें. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानें बांधणाऱ्यावर असें बंधन घातलें कीं, त्यानें जमिनीवरील आपल्या हक्काचें खरें व पूर्ण स्वरूप उघड करावें, आणि निदान तीन वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाकडून तो हक्क प्रमाणित करून घ्यावा. मार्च २०२१ मध्यें महारेरानें या अहवालाचा नमुनाही ठरवून दिला. परंतु वकिलाची निवड बांधणाऱ्याची, फी बांधणाऱ्याची, आणि त्याच्यापुढें ठेवलेले कागदही बांधणाऱ्याचेच. अशा दाखल्याला आम्ही खोटा म्हणत नाहीं. मात्र तो एका पक्षाची कैफियत आहे हें विसरूं नये.

आमच्या शास्त्रकारांना हा विषय अपरिचित नव्हता. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत ऋणादान आणि निक्षेप यांच्या मागोमाग तिसरें पद अस्वामिविक्रयाचें, म्हणजे जो मालक नव्हे त्यानें केलेल्या विक्रीचें आहे. अशी विक्री झालीच नाहीं असें समजावें, हा त्याचा निर्णय. याज्ञवल्क्य एक पाऊल पुढें जातो. जो गुपचूप, अवेळीं आणि फार हलक्या किमतीस विकत घेतो, त्या घेणाऱ्यालाच तो चोराच्या पंक्तीस बसवितो. विकणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला, हें ध्यानांत घ्यावें. "चार दिवसांत सही केलीत तर पांच लाख कमी" असें सांगणारे दलाल त्या काळींही असले पाहिजेत, अशी आम्हांला दाट शंका आहे.

आतां एक रूढ गैरसमज. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत छायाचित्र निघालें, बोटाचा ठसा उमटला, कागदावर शिक्का बसला, कीं घर निर्वेध आपलें झालें, असें पुष्कळांना वाटतें. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवितो. हक्काची ग्वाही देत नाहीं. दस्त करून देणारा खरोखर मालक आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकारच निबंधकाला नाहीं. तामिळनाडूनें मागील मूळ दस्त दाखविल्यावांचून नोंदणी नाकारण्याचा एक नियम केला होता. एप्रिल २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो, नोंदणी कायद्याच्या मर्यादेबाहेरचा म्हणून, रद्द केला. सात-बाराच्या उताऱ्याचीही तीच कथा. तो मुळांत महसुलाचा कागद. सारा कोणाकडून घ्यावयाचा एवढें सरकारला समजावें म्हणून निघालेला. त्यावरचें नांव हा पुरावा आहे, हक्क नव्हे. सारांश, आपल्या देशांत सरकार कोणाच्याही मालकीची हमी घेत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत टॉरेन्स नामक गृहस्थाच्या प्रयत्नानें १८५८ पासून सरकारी नोंदवहींतील नांव हीच मालकी, अशी पद्धति सुरू झाली. आपल्याकडे प्रत्येक खरेदीदारानें मागचा माग स्वतःच काढावा लागतो. संस्कृतांत 'शोधन' म्हणजे निर्मळ करणें. मराठींत 'शोध' म्हणजे हुडकणें. घराच्या कागदांत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

हा माग न काढल्याचें फळ आम्हीं स्वतः चाखलें आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. १९९४ सालीं नौपाड्यांत एका गृहस्थाकडून आम्हीं वापरांतलें घर घेतलें. गृहस्थ सज्जन दिसत. घरीं दत्ताची तसबीर, बोलण्यांत मार्दव. त्यांचेच वकील, त्यांचाच दाखला. मूळ करारनामा मागितला तेव्हां म्हणाले, "मास्तर, तो गांवीं ट्रंकेंत आहे, मे महिन्यांत आणून देतों." आम्ही व्याकरण शिकविणारा मनुष्य, प्रत आणि मूळ यांतील फरक आम्हांला कळावयास हवा होता. दोन वर्षांनीं एका संध्याकाळीं शाळेंतून परत येतों तों दारावर नोटीस चिकटविलेली ! मूळ करारनामा ट्रंकेंत नव्हता, मुंबईच्या एका पतपेढींत कर्जापोटीं ठेवलेला होता. अशा रीतीनें मूळ दस्त नुसता ठेवून दिला तरी तें कायदेशीर गहाण होतें, त्याला तेव्हां नोंदणीची जरुरी नव्हती, आणि म्हणून निबंधकाच्या सूचींत तें कोणालाही दिसलें नसतें. तडजोडींत ऐंशी हजार रुपये गेले. घरच्यांनीं गोठ काढून दिले, आणि आम्हीं चार वर्षें सकाळीं सहापासून संस्कृतच्या शिकवण्या केल्या. गोठ पुन्हां झाले नाहींत. त्यांनीं त्याबद्दल कधीं शब्द काढला नाहीं, हें त्यांचें मोठेपण. आम्हांला मात्र प्रत्येक हळदीकुंकवाला तें दिसतें.

आज या बाबतींत थोडी सुधारणा आहे. १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रांत अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देणें ऋणकोवर बंधनकारक झालें, आणि बँकांच्या तारणांची 'सेरसाई' नांवाची केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे. अल्प शुल्क भरून ती कोणासही पाहतां येते. तथापि सूचना न दिलेलीं गहाणें आणि खाजगी सावकाराच्या कपाटांतले दस्त कोणत्याही यंत्रांत सांपडत नाहींत. यास्तव मूळ कागद डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मत न देणारा वकील हा पहिल्या प्रतीचा समजावा. "झेरॉक्स पाठवा, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतों" असें जो म्हणेल त्याला नमस्कार करून उठावें.

डोंबिवली-कल्याणकडील वाचकांना याहून ताजें व मोठें उदाहरण ठाऊक आहे. तेथील ६५ इमारतींच्या प्रकरणांत महापालिकेच्या नांवाचे बनावट बांधकाम-परवाने तयार झाले, त्यांच्या आधारें महारेराचीं नोंदणी-प्रमाणपत्रें मिळविण्यांत आलीं आणि घरें विकलीं गेलीं. एका वास्तुविशारदानें हा प्रकार उजेडांत आणला, २०२२ मध्यें पोलिसांत गुन्हे दाखल झाले, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्या इमारती पाडण्याचा हुकूम दिला. ज्यांनीं घरें घेतलीं त्यांत आमच्यासारखींच हप्ते भरणारीं, मुलांच्या शाळा जवळ पाहून घर घेणारीं कुटुंबें होतीं. त्यांच्यापाशीं नोंदलेला करार होता, महारेराचा क्रमांक होता, पुष्कळांपाशीं बँकेचें कर्जही होतें. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यानें ज्या तीन गोष्टी अभिमानानें सांगितल्या त्या तिन्ही ! पुढें २०२३ पासून महारेरानें परवाना खरा आहे कीं नाहीं हें त्या त्या महापालिकेकडून ताडून घेण्याची रीत घातली, हें चांगलें झालें. परंतु पूर्वीच नोंद झालेल्या इमारतींस तिचा काय उपयोग?

या प्रकरणावरून एक भेद स्पष्ट होतो. जमिनीचा हक्क निराळा आणि बांधण्याची अनुज्ञा निराळी. जमीन निर्मळ असून इमारत बेकायदा असूं शकते. म्हणून आपल्या वकिलानें निबंधकाच्या कचेरीवरच न थांबतां महापालिकेच्या नगररचना विभागांत जाऊन परवान्याचा क्रमांक तेथील दप्तराशीं ताडून पाहिला पाहिजे. आणि हें काम त्या तालुक्यांत वावरणाऱ्या माणसाचेंच आहे. कल्याण-डोंबिवलीची महापालिका १९८३ सालीं झाली तेव्हां भोंवतालचीं २७ गांवें तींत होतीं. २००२ मध्यें तीं बाहेर काढलीं, २०१५ मध्यें पुन्हां आंत घेतलीं. तेव्हां एखाद्या इमारतीचा परवाना कोणत्या सालचा, आणि त्या सालीं तो देण्याचा अधिकार कोणाचा, हें पाहिल्यावांचून नुसत्या शिक्क्याला अर्थ नाहीं. मुंबईच्या फोर्टांतील मोठ्या पेढीवरच्या विद्वानापेक्षां कल्याणच्या तहसील कचेरीचे जिने झिजविलेला साधा वकील येथें अधिक उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे.

कारण या जिल्ह्याच्या जमिनीला इतिहास फार. खाडीकांठची खाजण जमीन, भाताचीं खाचरें, कुळांचीं शेतें यांवर आपलीं शहरें उभीं राहिलीं. १९४८ च्या कुळकायद्यानें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. पण ती जमीन विकावयाची तर कायद्याच्या ४३ व्या कलमानें बंधन आलें. तें पाळलें गेलें कीं नाहीं हें फेरफारांत शोधावें लागतें. आदिवासीची जमीन असेल तर महसूल संहितेप्रमाणें जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्रांत २००७ अखेर रद्द झाला खरा, परंतु त्याखालीं सवलत घेतलेल्या जमिनींवरील अटींचें लिगाड पुष्कळ वर्षें राहिलें. विक्रोळी-मुलुंडकडे तर १९५० च्या दशकांतील जुन्या नोटिसांच्या आधारें वनखात्यानें, जेथें लोक राहत होते अशा इमारतींच्या जमिनीवर खाजगी वन म्हणून हक्क सांगितला. ३० जानेवारी २०१४ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला तोंवर त्या रहिवाशांचे दिवस कसे गेले असतील!

शोध तीस वर्षांचा कां, असें वाचक विचारतील. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें गहाण सोडविण्याची मुदत तीस वर्षें आहे, त्यापूर्वीं ती साठ होती. आणि तीस वर्षांचा जुना दस्त योग्य ताब्यांतून आला असल्यास तो खरा धरण्यास पुराव्याचा कायदा न्यायालयाला मुभा देतो. त्यावरून ही रीत पडली. परंतु वर सांगितलेल्या वनांच्या उदाहरणावरून दिसेल कीं, तीस हा आंकडा म्हणजे वेदवाक्य नव्हे. जाणता वकील निबंधकाच्या सूचींत तीस वर्षें पाहतो, आणि फेरफार मात्र मुळापर्यंत, निदान कुळकायद्यापर्यंत, उलगडतो. प्रत्येक फेरफारांत वारस किती होते, बहिणींचीं नांवें कोठें गळालीं, हक्कसोड झाली कीं नुसती 'संमति आहे' असें तलाठ्यानें लिहून ठेवलें, हें तो वाचतो. कुलमुखत्यारपत्रावर विक्री झाली असेल तर विशेष जपावें; नुसत्या मुखत्यारपत्रानें मालकी जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०११ मध्यें स्वच्छ सांगितलें आहे.

उत्तम शोध-अहवालाची आणखी एक खूण आम्हांला एका वृद्ध वकिलांनीं सांगितली. अहवालांत काय सांपडलें नाहीं तें लिहिलें आहे का, तें पाहावें. अमुक सालच्या सूचीचीं पानें फाटलेलीं आढळलीं, तमुक फेरफार मिळाला नाहीं, अशा नोंदी प्रामाणिक अहवालांत असतातच. कारण आपल्या जुन्या दप्तरांना वाळवी, पूर आणि कारकून या तिन्ही आपत्तींतून जावें लागलें आहे. सारें कांहीं गुळगुळीत असेल तर शोध केलाच नसण्याचा संभव अधिक. शोध-शुल्क भरल्याची पावती अहवालास जोडलेली असावी. वर्तमानपत्रांतून चौदा दिवसांची जाहीर नोटीस द्यावी, आणि ती त्या गांवांत वाचल्या जाणाऱ्या मराठी पत्रांत द्यावी. जें पत्र कोणी पाहत नाहीं त्यांत नोटीस छापणें म्हणजे विहिरींत ओरडणें. फीबद्दल घासाघीस करूं नये. आमच्या पाहण्यांत ती कर्जाच्या एका हप्त्याहून क्वचितच अधिक असते, आणि व्यवहार झाला काय, मोडला काय, ती सारखीच ठरलेली असावी. व्यवहार पुरा झाल्यावरच ज्याला पैसे मिळतात तो 'घेऊं नका' असें कसें म्हणेल ? दलालाची अडचण नेमकी हीच आहे. त्याला आतां रेरा कायद्याच्या ९ व्या कलमानें नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्रांत परीक्षाही द्यावी लागते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यानें सचोटी येते असें निदान आम्हां मास्तरांना तरी वाटत नाहीं.

बँकेविषयीं एकच शब्द. तिचा वकील बँकेचें तारण पाहतो, आपलें घर नव्हे. घर गेलें तरी कर्जाची जबाबदारी ऋणकोच्या डोक्यावर राहतेच.

परदेशीं राहणाऱ्या मुलांकडे जाऊन आलेले आमचे कित्येक समवयस्क सांगतात कीं, अमेरिकेंत घराच्या हक्काचा विमा उतरवितात. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. १८६८ सालीं पेन्सिल्व्हानियाच्या न्यायालयापुढें एक खटला आला. शोध घेणाऱ्यानें एक बोजा पाहिला होता, परंतु वकिलाच्या सल्ल्यानें तो बोजा नव्हे असें समजून खरेदीदारास निर्धास्त केलें. पुढें खरेदीदार बुडाला. न्यायालय म्हणालें, शोध घेणाऱ्यानें हयगय केलेली नाहीं, तेव्हां भरपाई नाहीं. ज्यांत कोणाचीच चूक नाहीं असें नुकसान कोण भरणार, या प्रश्नांतून १८७६ मध्यें फिलाडेल्फियांत हक्क-विम्याची कंपनी निघाली. आपल्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या १६ व्या कलमांतही, सरकार अधिसूचित करील त्याप्रमाणें बांधणाऱ्यानें जमिनीच्या हक्काचा विमा उतरवावा, अशी योजना आहे. विमा कंपन्यांनीं तसे विमे काढलेही. परंतु सामान्य खरेदीदाराच्या हातीं तो कागद अद्याप क्वचितच दिसतो. आणि विमेवालाही आधीं शोध-अहवालच मागतो, व ठाऊक असलेला दोष विम्यांतून वगळतो. म्हणजे फिरून वकिलाच्या दारींच यावयाचें. त्याच कायद्याचें १८ वें कलम मात्र प्रत्येकानें लक्षांत ठेवावें : जमिनीच्या हक्कांतील दोषामुळें घर घेणाऱ्याचें नुकसान झालें तर बांधणाऱ्यानें भरपाई द्यावी, आणि त्या मागणीस मुदतीचा कायदा आड येत नाहीं. बांधणारा तोंवर जागेवर सांपडला पाहिजे, एवढीच अट !

आमच्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. पाडव्याची सही त्यानें पुढें ढकलली. त्याहीपेक्षां खरें म्हणजे त्याच्या पत्नीनें ती पुढें ढकलविली. तिनें स्वतः कल्याणांत पारनाक्याजवळच्या एका वकिलीणबाई गांठल्या. बाईंनीं तीन आठवडे घेतले. जमिनीचे फेरफार बहुतेक ठीक निघाले. परंतु बांधकाम-परवान्याचा जो क्रमांक कागदावर होता, तो महापालिकेच्या दप्तरांत दुसऱ्याच एका इमारतीच्या नांवें होता. विसाराचे दोन लाख परत मागितले तेव्हां दलालानें फोन घेणें बंद केलें. वकिलीणबाईंची नोटीस गेल्यावर सात महिन्यांनीं एक लाख दहा हजार आले. बाकीच्यांसाठीं तक्रार चालू आहे. मधल्या काळांत आईची प्रकृति बिघडली आणि घर पाहावयाचें त्यांचें राहिलें, याचा त्याला फार विषाद वाटतो.

परवां दोघें पुन्हां आलीं. या वेळीं पेढे नव्हते, कागदांची पिशवी होती. टिळकनगरांत तिसऱ्या मजल्यावरचें वापरांतलें घर आहे, इमारत जुनी, उद्वाहन नाहीं. मूळ करारनामे तिन्ही हातीं आले आहेत, सोसायटीच्या नांवें जमिनीचें अभिहस्तांतरण झालेलें आहे. मधल्या एका मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विवाहित मुलीची हक्कसोड मात्र सांपडत नाहीं. ती मुलगी नाशकास असते असें कळलें आहे. जाहीर नोटिशीचे चौदा दिवस येत्या गुरुवारीं भरतात, आणि शुक्रवारीं सूनबाई नाशकाला जावयाच्या आहेत.